तीन कोटेशनं आणि आबांचा फोटो

छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा की एसएलआर, या विषयावर मी आजही तासभर न थांबता बोलू शकतो. आता कोणी विचारत नाही म्हणा. प्रत्येकाच्या खिशात फोन आणि फोनमध्ये कॅमेरा. पण पालघर जिल्हा व्हायच्या आधीच्या त्या दोन-चार वर्षांत आमच्या बोईसरच्या वस्तीत कॅमेरा घेणं म्हणजे घरातला मोठा निर्णय असायचा. छोटा खिशात मावायचा, बटण दाबलं की भिंग पुढे यायचं आणि काम झालं की आत जाऊन बसायचं. एसएलआर गळ्यात अडकवायचा, त्याची भिंगं बदलता यायची, आणि तो हातात असला की लोक तुम्हाला दादा-साहेब म्हणायला लागायचे. सेन्सर केवढा, बटण दाबल्यावर फोटो निघायला किती वेळ, संध्याकाळच्या उजेडात कोणाचा फोटो किती खरखरीत येतो, सगळं मला तोंडपाठ होतं. घेतला मात्र एकही नाही. आणि त्या न घेण्यापायी मी माझे वडील गमावले. बायकोला हे वाक्य आवडत नाही. ती म्हणते, असं काही नसतं हो. असतं.

मी एका रसायनांच्या कारखान्यात खरेदी विभागात होतो. आमच्याकडे साधा झाडूसुद्धा तीन कोटेशनांशिवाय आत येत नसे. तीन दुकानदारांकडून लेखी भाव मागवायचे, एका मोठ्या कागदावर रकाने पाडून तुलनातक्ता करायचा, खाली शेरा लिहायचा आणि साहेबांच्या सहीला पाठवायचा. मी या कामात पटाईत होतो आणि मला त्याचा माजही होता. एकदाच घाईत, तक्ता न करता, एक पंप मागवला होता. तो चुकीचा निघाला आणि सगळ्या विभागासमोर माझी अशी शोभा झाली की पुढे वर्षभर मी पेन्सिलीची खरेदीसुद्धा तीनदा तपासायचो. ही सवय गेटबाहेर सोडून यायची असते, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आई गेल्यावर आबांना मी साताऱ्याकडच्या गावाहून बोईसरला घेऊन आलो. आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली होती. उसाची गाडी नुसती बघून ती किती भरेल हे सांगायचे. तोच माणूस आता चहा पिऊन झाल्यावर चहा कधी मिळणार म्हणून विचारायला लागला होता. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी मी डबा घेऊन निघालो तर ते दारात उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "साहेब, आमचं प्वारगं चौथीत हाय. जरा लवकर सोडाल का आज?" ते पोरगं म्हणजे मीच. मी "हो, जा" म्हटलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी कामावर उशिरा पोचलो.

डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हे बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे. पण अजून पाच-सहा महिने हातात आहेत. घरातल्या सगळ्यांचे मोठे, स्पष्ट फोटो काढा, खाली नाती लिहा, अल्बम करा आणि रोज सकाळी दाखवा. त्यांचा स्वतःचाही आत्ताचा फोटो त्यात ठेवा, कारण पुढे पुढे आरशातला म्हातारा त्यांना परका वाटेल. मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी एक वही काढून पहिल्या पानावर लिहिलं: कॅमेरा खरेदी.

आमच्या घरात कॅमेरा असलेला एकही फोन नव्हता. कारखान्याच्या गेटवर कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नसत, म्हणून आम्ही सगळे कामगार साधेच फोन वापरायचो. बायकोकडे माझा जुना होता, तोही साधाच. ती म्हणाली, "शेजाऱ्यांचा आणा मागून. रविवारी काढून टाकू." मी म्हटलं, "असं मागून आणून अल्बम होतो का? करायचं ते नीट करू." नीट या शब्दाचा मला आता राग येतो.

एक कोटेशन बोईसरच्या दुकानातलं, एक पालघरचं, एक विरारचं. दुकानदार हसले, पण मी लेखी भाव घेतले. तक्त्यात दोन मोठे भाग पाडले, छोटा आणि एसएलआर, आणि प्रत्येकाखाली तीन-तीन रकाने. तक्ता पुरा होतो न होतो तोच नवीन मॉडेल आलं. मग पुन्हा भाव. कामावरच्या एकाने एसएलआर घेतला होता. तो म्हणाला, छोटा म्हणजे खेळणं आहे, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती हवी तर एसएलआरच. मला पटलं. घरी आलो तर बायको म्हणाली, "एवढं धूड डोळ्याला लावलंत तर आबा बिचकतील. छोटा घ्या, त्यांच्या नकळत काढता येईल." तेही पटलं. मग दसऱ्याला सूट मिळेल म्हणून थांबलो, दसऱ्याचं दिवाळीवर गेलं, दिवाळीनंतर दुकानदार म्हणाला, जानेवारीत भाव पडतील. बायको एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "माझ्या वेळी किती कोटेशनं मागवली होती हो? की पहिलंच पास केलंत?" मुलगी खुदकन हसली, आबाही हसले. ते कशाला हसले ते त्यांना माहीत नव्हतं, पण हसताना छान दिसले. तेव्हा हातात काहीही असतं, अगदी भंगारातला डबा कॅमेरा, तरी चाललं असतं.

आता खरं सांगतो. मी एवढा मूर्ख नव्हतो. कॅमेरा घेतला की फोटो काढावे लागणार होते. फोटो काढले की अल्बम करावा लागणार होता. अल्बम झाला की एका सकाळी पहिलं पान उघडून, माझ्या फोटोवर बोट ठेवून आबांना विचारावं लागणार होतं, हा कोण? आणि ते माहीत नाही म्हणणार होते. ते मला ऐकायचं नव्हतं. तक्ता चालू होता तोवर ती सकाळ लांब राहत होती. मी त्या तक्त्याच्या मागे लपून बसलो होतो.

चैत्राच्या अखेरीस, एका मंगळवारी सकाळी, बायको मुलीला शाळेच्या गाडीत बसवायला खाली गेली. वर आली तर दार उघडं आणि आबा नाहीत. चपला नेल्या होत्या, काठी नेली नव्हती. तिने सगळी वस्ती धुंडाळली, मग कारखान्यात फोन केला. मी आलो, स्टेशनवर गेलो, दोन्ही फलाट पाहिले, बाजार पाहिला, तारापूर रस्त्याने पार चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. दुपारी पोलीस ठाण्यात बसलो होतो. हवालदार भला माणूस होता. त्याने मला आधी पाणी दिलं.

"अंगात काय होतं?" त्याने विचारलं.

मला आठवेना. मी सकाळी त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो होतो, तरी आठवेना. बायको म्हणाली, "फिकट निळा सदरा, वरचं बटण खालच्या काजात घातलेलं. पांढरा लेंगा."

"अलीकडचा फोटो द्या."

घरी येऊन पत्र्याची पेटी उपसली. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आबा होते, पण फेटा कपाळावर आलेला आणि निम्मा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. मतदार ओळखपत्रावर नुसता काळा डाग. स्पष्ट असा एकच निघाला, साखर कारखान्याच्या ओळखपत्रासाठी काढलेला, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. दाट काळे केस, भरघोस मिशा, गाल भरलेले, नजर थेट. त्या माणसाचा आणि आमच्या घरातून गेलेल्या माणसाचा काही संबंध उरला नव्हता. केस पांढरे होऊन विरळ झाले होते, दात गेल्याने गाल आत बसले होते, आणि मिशा तर मीच काढल्या होत्या. त्यांचा हात कापायचा, दाढी करताना रक्त यायचं, म्हणून एका रविवारी मी सगळंच साफ केलं होतं.

तो फोटो मोठा करून घ्यायला मी बोईसरच्या त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं आणि हसून विचारलं, "काय साहेब, झाला का फायनल? छोटा की मोठा?" मी फोटो काचेवर ठेवला. त्याने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मग काही न विचारता काम करून दिलं. मी पत्रकाखाली लिहिलं, वय बहात्तर, सध्या केस पांढरे, मिशी नाही, विस्मरणाचा आजार. शंभर प्रती काढल्या. अक्षरं मी मोठी ठेवली होती, पण पत्रक हातात घेतलं की माणूस आधी चेहरा बघतो, आणि चेहरा दुसऱ्याच कोणाचा होता.

दोन दिवस मी ते पत्रक दाखवत हिंडलो. बोईसर, पालघर, स्टेशनाबाहेर, एसटी स्टँडवर. सगळीकडे नाही. बायको मात्र नुसतीच, हातात काही न घेता, रिक्षांच्या रांगेत उभी राहून बोलत होती. असे असे आहेत, पाठीत थोडे वाकलेले, चालताना मधेच थांबून आकाशाकडे बघतात, सगळ्यांना साहेब म्हणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पालघरला एक शेअर रिक्षावाला तिला म्हणाला, "हाँ भाभी, बैठे थे मेरे यहाँ. मुझे भी साहब बोले. पैसा नहीं था, हाथ जोड़े. मनोर रोड पे उतर गए." तासाभरापूर्वी याच रिक्षावाल्याला मी पत्रक दाखवलं होतं. तो नाही म्हणाला होता.

"अहो," बायको म्हणाली, "तो कागद दाखवू नका आता. तोंडाने सांगा, कसे दिसतात, कसे बोलतात."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. तीन दिवस झोप नव्हती, हे कारण मी पुढे स्वतःला बरेचदा दिलं. खरं कारण असं की कसे दिसतात हे मला सांगताच आलं नसतं.

ती पालघरला सरकारी दवाखान्यात चौकशीला थांबली, मी मोटरसायकल घेऊन मनोरच्या रस्त्याला लागलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगराकडे आदिवासी पाडे आहेत. मी एक एक पाडा घ्यायचा ठरवला, आणि माझ्या हाडात मुरलेली सवय इथेही आली. वहीत रकाने पाडले: पाडा, कोणाला विचारलं, उत्तर, शेरा. गाडी अंगणापाशी न्यायची, पत्रक पुढे करायचं, हा माणूस पाहिलात का विचारायचं, नाही ऐकायचं, लिहायचं, पुढे जायचं. दुपारपर्यंत अकरा पाडे झाले. मला मनातून बरं वाटत होतं की काम पद्धतशीर चाललं आहे. त्या बरं वाटण्याची आज मला शिसारी येते.

एका पाड्यावर पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई राबासाठी वाळका पाला बांधत होती. भाताची रोपं लावण्याआधी जमीन भाजतात, त्यासाठीचा पाला. चाळिशीची असेल. मी पत्रक पुढे केलं, तिने हात पुसून ते घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं आणि बराच वेळ पाहिलं.

"यो मानूस नाय बघला," ती म्हणाली.

मी पत्रक परत घेतलं, वहीत लिहिलं आणि निघालो. त्या दिवशी आणखी सात पाडे केले.

पाचव्या दिवशी दुपारी हवालदाराचा फोन आला. हायवेच्या अलीकडे, एका कोरड्या ओहोळात, झाडाखाली. अंगावर मार नव्हता. ऊन, डॉक्टर म्हणाले, ऊन आणि तहान. फिकट निळा सदरा होता, पण वरचं बटण वरच्या काजात होतं. सगळी बटणं बरोबर लावलेली होती. उशाशी एक फडक्याची पुरचुंडी होती, तिच्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुकट. भाकऱ्या खाल्लेल्या नव्हत्या. कोणीतरी त्यांना जेवू घातलं होतं, कोणीतरी त्यांचा सदरा नीट केला होता. मी रडलो नाही, कारण मला आधी हे कळायला हवं होतं की कोणी.

क्रियाकर्म झाल्यावर मी ते फडकं घेऊन त्याच रस्त्याला गेलो. या वेळी वही नव्हती. ओहोळापासून मागे मागे येत पाड्यांवर फडकं दाखवत गेलो. चौथ्या ठिकाणी एका म्हातारीने लांबूनच बोट दाखवलं, त्या घरातलं. अंगण ओळखीचं होतं. पाला आता शेजारच्या शेतात जळून काळा झाला होता. तीच बाई बाहेर आली, तिने फडकं पाहिलं आणि मला बसायला घोंगडी टाकली. मी काय झालं ते सांगितलं. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. माझ्या बापासाठी रडणारी घराबाहेरची ती एकच.

मग तिने त्यांच्याबद्दल सांगितलं. रात्री अंगणात खाट टाकून द्यायची, ते चांदण्या मोजायचे. भाकरी चहात बुडवून खायचे. तिला बाय म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला साहेब. लाकडाची मोळी बघून म्हणायचे, एवढं एवढं भरेल. डाव्या भुवईत एक लांब पांढरा केस होता, तो बोटाला गुंडाळत बसायचे. मला तो केस माहीत नव्हता. "आमी इचारलं, घर कुठं? तो बोलं, सातारा. पोरगा केवडा? बोलं, चौथीत हाय. मंग आमी काय करणार? बाजाराच्या दिशी मनोरला नेऊन यष्टीत बसवू, आसं ठरवलं व्हतं. तं आदल्या दिशीच निंगून गेला. मी भाकऱ्या बांधून ठेवल्या व्हत्या, त्या घेऊन गेला."

"किती दिवस होते?" मी विचारलं.

"तीन."

मी मनात दिवस मोजले. मग खिशातून एक पत्रक काढून तिच्यासमोर धरलं. "मी आलो होतो. हे दाखवलं होतं तुम्हाला."

तिने ते घेतलं, पुन्हा तेवढाच वेळ पाहिलं. तिच्या तोंडावर खोटं काही नव्हतं. "यो तं जवान मानूस हाय, मिशीवाला. मना वाटला, कंपनीतून पलालेला कोन असंल. तू इचारलास, यो मानूस बघला का. यो नाय बघला. तू म्हातारा नाय बोललास. बापूस नाय बोललास."

खरं होतं. बापूस हा शब्द मी त्या दिवशी एकाही अंगणात उच्चारला नव्हता.

"तेव्हा ते कुठे होते?"

तिने मागच्या कुडाच्या घराकडे हात केला. "आतमंदी. ऊन लय व्हतं, मीच निजवला व्हता." सांगावं की नाही असं तिच्या मनात असावं. "तुजी गाडी चालूच व्हती, तिच्या आवाजानं उठला. तू गेल्यावर भाईर आला, इचारलं, बाय, कोन आलतं? मी बोलली, कोन नाय, कागदवाला व्हता."